मामाची लाल गाडी का बसली

गेल्या जयंतीच्या मिरवणुकीत, ताडकळसच्या भर बाजारात, अन्याय झाला तो माझ्या मामावर. त्याच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारचं पुढचं चाक अचानक मुडपलं आणि गाडी नाकावर बसली. "मामाचा हात थरथरायलाय, लायसन काढून घ्या!" म्हणत तुमी गावकरी हसलात. मामालाही ते खरं वाटलं. त्यानं चावी खुंटीला टांगली.

याच दोन सीटच्या गाडीत आमी भाचरं एकमेकांच्या मांडीवर बसून, धूळ खात, गाणी म्हणत जिंतूरला जायचो.

मी गाडीखाली शिरून पाहिलं. चाक धरणारा दांडा तुटला होता. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग गंजलेला, अर्धा चकाकता. म्हणजे तडा जुनाच. त्याआधीच्या दिवाळीत तुमी घातलेल्या, पट्टे नसलेल्या गतिरोधकावर गाडी आदळली होती, तेव्हाचा.

आता मामाच्या दारात जा, चुकलं म्हणा. आणि त्या गतिरोधकाला पांढरा रंग मारा.