सतरा मुलांची एक ओळ

बाईंना कुठलाही आकडा अखंड बघवत नसे. रोह्याहून कोलाडकडे जाताना समोर ट्रक असला की माझ्या मोटरसायकलवर मागे बसून त्या त्याच्या नंबराला भाग देत. एकदा २४९१ होता. खांब गाव येईपर्यंत बाई भाग देत होत्या. मग म्हणाल्या, "सत्तेचाळीस त्रेपन्न. मी मूळ संख्याच समजत होते. अगदी शेवटच्या भागाला तुटला."

"आणि तुटला नसता तर?"

"तर मूळ. पण शेवटपर्यंत भाग देऊन बघायचा आणि मगच बोलायचं. तुमच्या पेपरात तेवढं करत नाहीत."

वरसेला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. बाई खाली, मी वर. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. बाईंची विक्रम रिक्षा चुकली की मी त्यांना सोडायला जाई. खांबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, एक आदिवासी वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत त्या होत्या. एक खोली, एक पडवी.

हजेरी झाली की मुलांनी स्वतः मोजून समान रांगांत बसायचं, असा त्यांचा नियम होता. बारा मुलं आली तर सहा-सहाच्या दोन रांगा. मग बाई विचारत, "सहा तुटतात का?" प्रत्येक रांगेतली मुलं तीन-तीन होऊन सरकत. "आणि तीन?" "नाय तुटत, बाई!" मग फळ्यावर लिहिलं जाई: दोन गुणिले दोन गुणिले तीन. अकरा किंवा तेरा मुलं आली तर समान रांगा पडत नसत. अशा दिवशी सगळ्यांनी पडवीत एकाच ओळीत बसायचं. मुलांना मूळ संख्येचा दिवस आवडे, कारण प्रत्येकाला टेकायला भिंत मिळे.

दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जात आणि मुलं कमी होत. बाई त्याबद्दल बोलत नसत. "जेवढी आली तेवढ्यांचे अवयव पाडायचे," एवढंच म्हणत.

एका वर्षी शिक्षण खात्याचं पत्र आलं. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या. इथली मोठी शाळा हायवेच्या पलीकडे होती. वाडीतल्या लोकांचं म्हणणं सरळ होतं: एवढी लहान पोरं रोज हायवे ओलांडणार नाहीत, शाळा गेली तर पोरं आईबापांबरोबर भट्टीवर जातील. पटावर सतरा नावं होती.

तपासणीच्या दिवशी मीच बाईंना सोडलं आणि थांबलो. अंगणात एकवीस मुलं होती. चौथीतल्या संगीच्या बापाने पलीकडच्या वाडीतून मेव्हण्याची चार पोरं आणली होती. त्याने हे बाईंना सांगितलं नव्हतं. "नवी नावं घालायची हायत, साहेब," तो म्हणाला. तपासणीला आलेला साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने अंगणावर नजर फिरवली, "एकवीस दिसतायत," असं म्हणून पेन काढलं आणि मुलांना म्हणाला, "बसा रे सगळे."

मुलं बसली. बाईंची सतरा पडवीत भिंतीला टेकून, एका ओळीत. चार अंगणात उभीच राहिली.

"ही का उभी?"

संगी उठली. "ती पावणी हायत, साहेब. सांजच्याला जातील. आमी सतरा हाव. सतरा तुटत नाय, म्हणून ओळ एकच."

"गो संगे, गप ऱ्हा!" बाप ओरडला.

साहेबाने पेन तसंच धरलं. "बाई, काय लिहू? एकवीस की सतरा?"

बाईंनी ओळीकडे पाहिलं. संगी उभी होती. उत्तर बरोबर आलं की नाही ते ऐकण्यासाठी मुलं थांबतात, तशी.

"तिनं मोजलंय ते लिहा," त्या म्हणाल्या. "बस, संगी. बरोबर आहे."

साहेब गेल्यावर संगीचा बाप पडवीच्या पायरीवर बसला. "बाई, एक दिस तुमचं गणित चुकलं असतं तर काय झालं असतं?" बाई खडू घेऊन फळ्याकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी पूर्ण शाळा घेतली.

उन्हाळ्यात शाळा बंद झाली. मी बातमी दिली. जागेअभावी चार ओळी आल्या. त्यांत मुलांची संख्या नव्हती. बाईंची बदली पेण तालुक्यात, जोह्याच्या बाजूला झाली. सामान टेम्पोत चढत असताना मी विचारलं, एकवीस का नाही म्हणालात. त्या म्हणाल्या, "ती माझ्याकडे बघत होती हो."

नंतर माझीही बदली पेणला झाली. गेल्या हिवाळ्यात मी एका भट्टीवर दुसऱ्याच बातमीसाठी गेलो होतो. संगीने मला ओळखलं. ती कच्च्या विटा उलट्या करून वाळत घालत होती. ओळी सरळ होत्या. एका ओळीत किती, असं मी विचारलं. "मुकादम मोजतो," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीकडे गेली.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. त्या निवृत्त होणार होत्या; पेन्शनच्या कागदांबद्दल काही विचारायचं होतं. शेवटी म्हणाल्या, "भट्ट्यांकडे जाता ना तुम्ही? आमची संगी कुठे दिसली का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग शिकत असेल कुठेतरी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.