अर्धी बिस्किटं

हॉटेलांनी बाहेरच्या टेबलांपाशी कुत्र्यांना येऊ द्यावं की नाही, यावर हल्ली लोक हिरिरीने भांडतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोन दिवस हाच धुरळा उडत होता. मी गप्प राहिले. नको म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि मला कुत्र्यांची भीती वाटते हे मी छप्पन्नाव्या वर्षापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवरा होता तोवर त्यालाही मला किळस येते असंच वाटायचं. किळस म्हटली की लोक समजून घेतात. भीती म्हटली की हसतात, आणि मुद्दाम कुत्रं जवळ आणून “काही करत नाही हो तो” म्हणतात.

मी आठ वर्षांची असताना भांडुपच्या डोंगरउतारावर, आमच्या चाळीमागे, मला कुत्रं चावलं. पोटरीला. वडील गिरणीत होते. कामावर खाडे करून चौदा दिवस ते मला म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेत होते. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं. “भियाव नको गो चेडवा, एकच सुई,” असं ते रोज म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक असायची. पण माझी भीती त्या सुयांची नाही. त्याच वर्षी आमच्या ओळीतल्या एका हमालालाही कुत्रं चावलं होतं. त्याने जखमेवर मिरचीपूड दाबली आणि कामावर गेला. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या बायकोने त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला, आणि पाणी नुसतं बघून त्याचा गळा आवळत गेला. त्यांच्या दाराशी उभी राहून मी ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर कितीतरी दिवस पाणी प्यायच्या आधी मी पेल्यात बघायचे, आपल्याला पाण्याची भीती वाटत नाही ना, याची खात्री करायला. अजूनही कधीकधी बघते.

मोठी झाल्यावर मी यावर एक उपाय काढला. ग्लुकोज बिस्किटं घरूनच अर्धी मोडून घ्यायची आणि छोट्या डबीत भरून डबी पर्समध्ये ठेवायची. वाटेत कुत्रं आडवं आलं की एक तुकडा लांब फेकायचा, ते तिकडे पळालं की आपण निघायचं. दुसरा तुकडा मुठीत ठेवायचा, म्हणजे ते परत आलं तर आपण रिकाम्या हाताने सापडत नाही. मुलीला शाळेत सोडतानाही मी हेच करायचे. “आई, रोज का गं घालतेस?” असं तिने एकदा विचारलं. “मुक्या जनावराला घालावं, पुण्य लागतं,” असं मी ठोकून दिलं. देवाधर्माचं नाव घेतलं की पोरं पुढे विचारत नाहीत.

ती मुलगी आता तीस वर्षांची आहे आणि अंधेरीला एका ऑफिसात काम करते. वर्षभरापूर्वी तिने तिथल्याच एका मुलाबद्दल सांगितलं. मुलगा पार्ल्याचा, वडील नाहीत, घरी आई आणि एक लॅब्रॅडॉर. तिने फोनवर फोटो दाखवला. सोफ्यावर ती, शेजारी तो कुत्रा, त्याच्या पाठीवर हिचा हात. मी फोन लगेच परत दिला, पण बरंही वाटलं. चला, ही तरी माझ्यावर गेली नाही. हात पाठीवर टेकलेला होता की वरच्यावर धरलेला, ते मी तेव्हा बघितलं नाही.

दोन्ही आयांनी आधी भेटावं असं ठरलं. त्या बाईंनी कळवलं, बघण्याचा कार्यक्रम वगैरे नको, अंधेरीला एक हॉटेल आहे, तिथे बाहेर कुत्री चालतात, तिथेच बसू. त्यांचा कुत्रा घरात एकटा राहिला की रडून बिल्डिंग डोक्यावर घेतो म्हणे.

“आई, तुला जमेल ना?” मुलीने विचारलं. “नाहीतर मी सांगते त्यांना.”

“सांगायचं काय त्यात? जमेल की.”

मुलीच्या आईने पहिल्याच भेटीला अट घालायची नाही, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, ते अंगात मुरलेलंच असतं. मी तर अट सोडाच, साधी अडचणही सांगितली नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी घाटकोपरहून मेट्रोने गेलो. हॉटेलच्या दाराशी पाटी होती, ‘तुमच्या लाडक्या दोस्तालाही घेऊन या.’ आमच्यासारख्या भिणाऱ्यांसाठी मात्र कुठे पाटी नव्हती. बाई आधीच येऊन बाहेरच्या टेबलाशी बसल्या होत्या. सुती साडी, पिकलेले केस, बोलणं मोकळं. कुत्रा वासराएवढा. त्याचा पट्टा त्यांनी स्वतःच्या वेताच्या खुर्चीच्या पायात अडकवला होता.

“काही करत नाही हो तो,” त्या म्हणाल्याच.

मी हसून बसले. पहिली दहा मिनिटं कोण काय बोललं ते मला आठवत नाही. टेबलाखाली त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, तेवढा आठवतो. वेटरने पाण्याचा ग्लास ठेवला आणि मी त्यात बघितलं. घशात आवंढा अडकला तेव्हा वाटलं, आलंच, इतक्या वर्षांनी आलं. वेडेपणा आहे हे कळत होतं, पण कळून काही उपयोग नव्हता. मुलगी शेजारी बसून भराभर बोलत होती, एवढं ती कधी बोलत नाही. आपली आई काही घोळ घालेल या काळजीने बोलतेय, असं मी धरून चालले.

मग माझ्या घोट्याला काहीतरी ओलं लागलं. त्याचं नाक. त्याच पायाला, त्या जुन्या जखमेच्या खाली.

माझा हात पर्समध्ये कधी गेला ते मला कळलंच नाही. बिस्किटाचा तुकडा मी फेकला, रस्त्यावर फेकते तसा, लांब. कुत्रा उसळला. वेताची खुर्ची गर्रकन फिरली, बाई एका बाजूला कलंडल्या, टेबल धरलं म्हणून पडल्या नाहीत, आणि नुकतीच आलेली सगळी कॉफी त्यांच्या साडीवर सांडली. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी मनात म्हटलं, वाट लागली, मोडलं पोरीचं लग्न.

बाईंनी आधी खुर्ची सरळ केली, मग पट्टा हाताला गुंडाळला. कुत्रा तोवर तुकडा खाऊन मोकळा झाला होता.

“काय टाकलं? कुणी टाकलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” मुलगी म्हणाली.

मला वाचवायला खोटं बोलतेय, असंच मला वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने स्वतःच्या पर्समधून एक डबी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत ग्लुकोज बिस्किटं होती, सगळी अर्धी मोडलेली. दुसऱ्या हाताची मूठ तिने उघडली तर तळव्याला घामाने भिजलेला चुरा चिकटला होता.

“मला भीती वाटते, काकू,” ती म्हणाली. “पहिल्यापासूनच.”

बाईंनी डबी जवळ ओढून पाहिली. “वर्षभर येतेस माझ्याकडे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दारात चपला काढायला तुला एवढा वेळ का लागायचा, ते आज कळलं. माझ्या मुलाला माहीत आहे?”

तिने मान हलवली, नाही.

“मग लग्नानंतर काय करणार होतीस गं?”

“आई करते तेच,” ती म्हणाली. “बिस्किटं मोडून ठेवायची.”

ती अगदी सहज बोलली, रोजच्या डब्याबद्दल बोलावं तशी. मला मात्र हमालाच्या दारात उभी असलेली आठ वर्षांची मी आठवले, आणि शाळेच्या रस्त्यावर माझं बोट धरून चालणारी ही. मुठीतला दुसरा तुकडा कसा धरायचा, ते तिने माझ्याकडूनच बघून उचललं होतं. मीच तिला हे दिलं, आणि वर पुण्य म्हणून दिलं. टेबलाखालच्या कुत्र्यापेक्षाही मला त्या क्षणी या गोष्टीची जास्त भीती वाटली.

“बिस्कीट मी फेकलं,” मी बाईंना म्हणाले. “मला कुत्र्यांची भीती वाटते. हिलाही मीच लावली.”

बाई उठल्या, कुत्र्याला घेऊन टेबलाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसल्या, आणि वेटरला खूण करून त्यांनी नवी कॉफी मागवली. तीन. मी ग्लास उचलून पाणी प्यायले. पाय मात्र निघेपर्यंत खुर्चीवरच घेऊन बसले होते, आणि शेजारी बघितलं तर तीही तशीच बसली होती.