कालिंदीताईंचा आवाज कुठे अडला

अनुजा परब परळच्या एका धर्मादाय रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळायची. भोईवाड्याच्या चाळीत वाढली, डिप्लोमा केला, वरळीच्या ऑफिसांत शिडीवर चढून केबली ओढल्या आणि मग इथे फायरवॉलपाशी स्थिरावली. फायरवॉल म्हणजे रुग्णालयाचं नेटवर्क आणि बाहेरचं जग यांच्यामधली चौकी. कशाला सोडायचं, कशाला अडवायचं, त्याचे नियम अनुजाच लिहायची. ‘बहुतेक’ हा शब्द तिच्या तोंडी नसायचा. बघून सांगते, म्हणायची आणि खरंच बघून सांगायची.

रुग्णालयाच्या हेल्पलाइनवर लालबागच्या कालिंदीताई बसायच्या. कोकणातून पेशंट आणायचा तर कुठे उतरायचं, कुठले कागद लागतील, सगळं मालवणीत समजावायच्या. अलीकडे मात्र त्यांच्याविरुद्ध तक्रारी येऊ लागल्या. बाई फोन उचलतात आणि गप्प बसतात, असं कणकवलीच्या एका माणसाने कळवलं. त्याच्या आईला ताबडतोब मुंबईला हलवायचं होतं. ताई म्हणत होत्या, मी घसा सुकेपर्यंत बोलते, समोरचाच हॅलो-हॅलो करून ठेवून देतो. फोनची तपासणी झाली, त्यात काही सापडलं नाही. शेवटी हेल्पलाइनच्या यतीन सरांनी ताईंना केसपेपरच्या खिडकीवर हलवायचं ठरवलं.

अनुजाने कारण शोधायला सरांकडे एक दुपार मागून घेतली. हेल्पलाइनचे फोन इंटरनेटवरून चालायचे. अशा फोनवरच्या आवाजाचे बारीक तुकडे होऊन ते नेटवर्कवरून जातात. त्यांना पॅकेट म्हणतात, आणि फायरवॉलवर ती पकडून बघता येतात.

“म्हणजे लोकांचं बोलणंही ऐकू येईल?” सरांनी विचारलं.

“येऊ शकतं. म्हणून पेशंटचे फोन मी पकडणार नाही. फोन मीच करते.”

पेशंटचे फोन येऊ नयेत म्हणून तिने ताईंची लाइन तेवढ्यापुरती बाकीच्यांपासून वेगळी केली. पकड दोन्हीकडे लावली, फायरवॉलच्या आतल्या बाजूला आणि बाहेरच्या. रुग्णालयाचे रिपोर्ट, मेल, कॅमेरे असा सगळा लोंढा तिथून वाहत होता. त्यातून फक्त ताईंच्या फोनची पॅकेट राहतील असा फिल्टर घातला आणि जिन्यात जाऊन मोबाइलवरून ताईंची लाइन लावली. आधीचे एक-दोन फोन नीट लागले. तिने चिकाटी सोडली नाही. पुढच्या वेळी पलीकडून फोन उचलला गेला, आणि मग नुसती शांतता.

ती खाली आली तर ताई वैतागल्या होत्या. “अगो, मी बोलतंय आणि तू हॅलो-हॅलो काय करतंस?”

आतल्या बाजूच्या पकडीत ताईंची पॅकेट ओळीने दिसत होती. त्यांचा आवाज फायरवॉलपर्यंत व्यवस्थित आला होता. बाहेरच्या बाजूला त्यातलं एकही नव्हतं. अनुजाचं बोलणं मात्र बाहेरून आत सुखरूप पोचलं होतं.

प्रत्येक पॅकेटवर पलीकडच्या कुठल्या पोर्टला, म्हणजे कुठल्या दाराला, जायचं तो क्रमांक असतो. तो वाचून अनुजाला उलगडा झाला. गणपतीच्या आधी तिनेच नियम घट्ट केला होता, फोन कंपनीच्या ठरावीक पोर्टांनाच वाट ठेवली होती. कंपनी आता आणखी काही पोर्ट वापरत होती. फोन त्यांच्यावर गेला की ताईंचा आवाज चौकीतच अडायचा.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. यतीन सरांना बोलावून दोन्ही पकडी शेजारी-शेजारी दाखवल्या.

“ताई बोलत होत्या, सर. माझ्या नियमाने त्यांना अडवलं. कंपनीकडून पोर्ट पक्के करून घेते आणि आत्ताच सुधारते.”

सर कालिंदीताईंकडे वळून म्हणाले, “तुमचं म्हणणं मी ऐकायला हवं होतं. आता तुम्ही इथेच बसा.”

नियम सुधारल्यावर अनुजाने पुन्हा पुन्हा फोन लावून पाहिला. नव्या पोर्टवरही ताईंचा आवाज खणखणीत आला. मग तिने पकडलेली पॅकेट पुसून टाकली आणि ताईंची लाइन पुन्हा बाकीच्यांना जोडली.

ताईंनी पहिला फोन कणकवलीला लावला. तो माणूस आधी तुटक बोलला. आई अजून तिथल्याच दवाखान्यात होती. ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि कुठल्या गेटाने आत यायचं इथपासून सांगायला सुरुवात केली. अनुजा दार हलकेच लोटून बाहेर पडली.