व्याह्यांच्या बुटांच्या टाचा

माझे व्याही येताना आधी त्यांचा आवाज येतो. टक, खर्र. टक, खर्र. पायात ते बर्फावरच्या फळीचे बूट. तुम्ही पाहिले नसतील म्हणून सांगतो. एकच लांब फळी, तिच्यावर दोन्ही पाय अडकवायचे आणि डोंगरावरून घसरत खाली यायचं, असा हा खेळ. हल्लीची पोरं त्याला मऊ बूट घालतात. व्याह्यांचे जुने, कडक प्लास्टिकचे, नडगीपर्यंत. घोटा हलत नाही. पायाला लाकूड बांधल्यासारखा माणूस चालतो.

त्या बुटाचा सगळा जीव टाचेत. टाचेच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगवर बसवलेली एकेक लोखंडी खुंटी. चवडा पुढं अडकवायचा, टाच खाली दाबायची, खट्ट आवाज होतो आणि खुंट्या फळीवरच्या भोकात बसतात. सोडवायला पोटरीपाशी दोरी, ती ओढली की झालं. वाकायचं कामच नाही. आणि व्याह्यांना वाकता येत नाही. जन्मभर लोकांच्या छपरांवर कौलं चढवली त्यांनी, त्यात खुबा गेला. ऑपरेशन झालं. चालतात, फळीवर ताठ उभे राहतात, पण हात गुडघ्याखाली जात नाही. ती टाच आहे म्हणून हा माणूस सत्तरी उलटल्यावर अजून डोंगरावर जातो.

मी मुलीकडं राहतो, जर्मनीत, उंटरश्लाइसहाइमला. आमची मंडळी वारली तेव्हा मुलगी घेऊन आली. त्याआधी फलटण भागात ट्रक चालवायचो. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या कृपेनं. जावई जर्मन, इथंच एका कंपनीत आहेत. व्याही पलीकडच्या गल्लीत एकटेच असतात. थंडीतल्या शनिवारी आम्ही चौघं गाडीनं डोंगराच्या पायथ्याला जातो. ते तिघं वर जातात आणि मी खालच्या हॉटेलात खिडकीपाशी चहा घेऊन बसतो. घरी एकटा बस म्हणाले तर बसत नाही मी.

गाडी लावायच्या जागेपासून तारेवरून वर जायच्या पाळण्यापर्यंत चढाचा डांबरी रस्ता आहे. पाय घसरू नये म्हणून जर्मन लोक त्यावर बारीक खडी टाकतात. माणसाला बरं पडतं, पण त्या टाचेला ती खडी म्हणजे कानस. व्याह्यांची पहिली टाच अशीच घासून गेली आणि मागच्या हिवाळ्यात फळी मध्येच सुटून ते पडले. त्या टाचा आता कुणी बनवत नाही. जावयांनी हॅनोव्हरच्या कुणा माणसाकडं शेवटचा एक जोड शोधला, घरी बसवला, आणि बापाला काय सांगितलं ते मुलीनं मला सांगितलं.

"बाबा, ह्या टाचा गेल्या की फळी भिंतीवर टांगायची, असं ठरलंय."

मी म्हणलं, कुणी ठरवलं? ती म्हणाली, त्यानं. सासरे काय म्हणाले? ते म्हणे उठले आणि घरी गेले.

यावर उपाय होता. बुटाच्या तळाला ओढून चढवायची जाड रबरं मिळतात. चालताना चढवायची, वर जाताना काढून ठेवायची. मुलीनं ती आणली. त्याच दुकानातून माझ्यासाठीही एक जोड आणला, रबराच्या जाळीला बारीक लोखंडी दात बसवलेला, बर्फात माझा पाय सरकू नये म्हणून. मी म्हणलं, ट्रकच्या चाकाला कधी साखळ्या बांधल्या नाहीत, आता स्वतःला बांधू? व्याह्यांनी आपली रबरं गाडीच्या डिकीत टाकली. माझी माझ्या कोटाच्या खिशात गेली. आम्ही दोघंही हट्टी म्हातारे, असं घरात दोन भाषांत बोलून झालं.

पण मला त्यांचं ठाऊक होतं. रबर चढवायला हात बुटाच्या तळाला न्यावा लागतो. घरी त्यांच्याकडं उंच स्टूल आहे, बुटाच्या कड्या लावायला लांब आकडा आहे. आकड्यानं रबर चढत नाही. मुलाला 'चढव' म्हणणं त्यांना जमणार नव्हतं. मला कसं कळलं विचाराल, तर माझंही तेच होतं. डावा गुडघा क्लचनं खाल्लाय, घडी होत नाही. मी मोजे कसे चढवतो ते मी मुलीला आजवर दिसू दिलेलं नाही.

एका शनिवारी मुलगी आणि जावई तिकिटं काढायला पुढं गेले. व्याही गाडीजवळच्या लांब बाकावर बसले होते. मी डिकीतून रबरं काढली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो आणि माझ्या मांडीवर हात ठेवून खूण केली, पाय इकडं द्या. मुलीचा बाप म्हणून व्याह्यांचा पाय हातात घ्यायला मला लाज वाटत नव्हती. लग्नात जावयाचे पाय धुवायचे म्हणून मी गावाकडून तांब्याची परात आणली होती. श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत सह्या झाल्या आणि परात पिशवीतच राहिली.

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या खिशाकडं. जाळीचं एक टोक बाहेर लोंबत होतं. त्यांनी स्वतःच्या मांडीवर दोनदा थाप मारली.

"एर्स्ट डू," म्हणाले. आधी तू.

मी नकाराची मान हलवली. त्यांनीही हलवली.

आता हे जर्मन माणसाला कसं सांगायचं? आमच्याकडं गर्दीत कुणाला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावतो आपण, मग तो ओळखीचा असो नसो. आणि इथं मी माझा बूट घातलेला पाय जावयाच्या बापाच्या मांडीवर ठेवायचा, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या माणसाच्या. चार लोकांत. घेणं मला जमत होतं, देणं जमत नव्हतं. मी चूक होतो असं मी आजही म्हणणार नाही. व्याही बाकाला रेटा देऊन उठले आणि निघाले. टक, खर्र. त्या रस्त्यावरचा तो आवाज पहिल्यांदाच माझ्या दातांत गेला.

असे आणखी काही शनिवार गेले. मग एके दिवशी मी चहा पीत होतो तर व्याही फळी काखेत घेऊन हॉटेलात आले. पाळण्यात बसलेच नव्हते. मागून जावई. त्यांनी बापाचा पाय खुर्चीवर घेतला. डाव्या टाचेचं प्लास्टिक घासून त्याची कड खुंटीवर आली होती आणि खुंटी आत अडकून बसली होती. जावयांनी चाकूनं ती कड तासली, खुंटी बाहेर आली. ते बापाला काही बोलले. मी मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आज निघाली, पुढच्या वेळी नाही निघणार. मग ते दोघं वर गेले. व्याही गेले नाहीत, माझ्यासमोर बसले. सूप मागवलं. त्यावर साय धरली तरी चमचा हलला नाही. खिडकीतून उतार दिसत होता, तिकडं बघतही नव्हते.

मग त्यांनी बुटाकडं बोट केलं आणि जर्मनमध्ये, मला समजेल इतक्या सावकाश म्हणाले, "तिथं माझा हात पोचत नाही."

पोटच्या मुलाला जे सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. मी माझ्या डाव्या गुडघ्यावर हात मारला आणि मराठीत म्हणलं, "माझाबी नाही."

"गेनाऊ," व्याही म्हणाले. म्हणजे बरोबर. त्यांना आधीपासून माहीत होतं. म्हणूनच ते 'आधी तू' म्हणाले होते. एकट्यानं पाय द्यायचा म्हणजे लाचारी. दोघांनी दिला तर काम.

पुढच्या शनिवारी गाडी थांबल्यावर मी सरळ बाकावर जाऊन बसलो. व्याही दुसऱ्या टोकाला बसले, माझ्याकडं तोंड करून. मी खिशातली जाळी काढून त्यांच्या हातात दिली. मग डावा पाय उचलला आणि दुसरीकडं बघत त्यांच्या मांडीवर ठेवला.

मुलगी गाडीचं दार लावत होती, ती धावत आली.

"अहो बाबा, काय करताय हे? पाय कुठं ठेवलाय?"

"गप बस. त्यांनी मागितलाय."

व्याह्यांचे अंगठे जाड आहेत, कौलं धरलेले. त्यांनी जाळी चवड्यात घातली, टाचेवरून ओढली आणि शेवटी एक हिसका देऊन पाहिला, मी ट्रकवरच्या ताडपत्रीचा दोर बघायचो तसा. मग दुसरा पाय. पाय खाली घेतला आणि माझा हात आपोआप त्यांच्या मांडीला लागून कपाळाला गेला. त्यांनी मुलीला विचारलं, हे काय? तिनं सांगितलं, पाय लागला म्हणून माफी. त्यावर ते काही बोलले आणि मुलगी हसायला लागली.

"बाबा, ते म्हणतायत, मग तुम्हाला दर शनिवारी माफी मागावी लागणार."

मग त्यांनी पाय बाकावरून लांब करून माझ्या मांडीवर ठेवला. तो बूट म्हणजे धोंडा. रबर नवं होतं, ताठ. दोनदा माझ्या हातातून सुटलं आणि मी ट्रकवाल्यांच्या भाषेत त्याला काय ते ऐकवलं. व्याह्यांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ पोचला असावा. जावई तिकिटं घेऊन आले आणि थोडे लांबच उभे राहिले. मदतीला पुढं आले नाहीत, शहाणा माणूस. त्यांनी फक्त बापाची फळी उचलली आणि तेवढी बापानं उचलू दिली.

चढावर त्या दिवशी आवाज नव्हता. वर पाळण्यापाशी दुसरा बाक आहे, तिथं मी रबरं काढली. रांगेतले लोक बघत होते, बघू देत. व्याह्यांनी टाच आपटून बर्फ झाडला, फळीवर पाय ठेवला, खट्ट झालं. मग मुलाकडं पाहिलं. जावई वाकून खुंट्या बघत होते, ते सरळ झाले आणि नुसती मान डोलावली.

रबरं घेऊन मी हॉटेलात गेलो आणि टेबलावर ठेवली. वाढणारी बाई म्हणाली, खाली ठेवा. खाली ठेवली नाहीत, मांडीवर घेतली. चहा आला. बऱ्याच वेळानं उतारावर लांब एक ताठ आकृती दिसली, या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश वळणं घेत येणारी. मी चहा अर्धा टाकला आणि रबरं घेऊन पाळण्याजवळच्या बाकाकडं निघालो. ते यायच्या आत तिथं पोचायचं होतं.