पाणी पिण्यास अयोग्य

मी एका सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायचे. त्या वर्षी मंद्रूपच्या पुढच्या एका गावातून नमुना आला. गावातल्या आरोग्यसेविकेनं स्वतः सोलापूरला येऊन बाटली माझ्या हातात दिली होती. "पोरं जुलाबानं हैराण हायत," एवढंच म्हणाली.

नमुना नापास झाला. मी दुसरा मागवला, तोही नापास. गावात नव्या योजनेचं पाणी महिन्यापासूनच नळाला सुटलं होतं आणि त्या पाइपात कुठंतरी गटाराचं पाणी मिसळत होतं.

अहवाल घेऊन साहेबांकडं गेले. त्यांनी वाचला आणि उलटा ठेवला.

"मॅडम, सोमवारी त्या गावच्या पाणी योजनेचं उद्घाटन आहे. मंत्री येणार. अहवाल मंगळवारी काढा."

"साहेब, तोवर चार दिवस लोक हेच पाणी पिणार."

"सरकारची बदनामी होईल, त्याचं काय? तुम्ही पगार कुणाचा घेता?"

मी अहवाल उचलून बाहेर आले. घरी येऊन स्वयंपाक केला आणि एसटीची वेळ विचारून ठेवली. शनिवारी सुट्टी होती. सकाळची एसटी धरून मी त्या गावात गेले.

आरोग्यसेविकेच्या अंगणात पाच-सहा बायका जमल्या. मी आधी तपासणी कशी करतात ते सांगू लागले. एका म्हातारीनं मला अडवलं.

"बाई, गोल गोल बोलू नका. पानी पिऊ का नको, तेवढं सांगा की."

"पिऊ नका. टँकर मागवा, तोवर उकळून घ्या."

"व्हय, पण आमचं कोन ऐकतंय? लिहून देता का?"

पेन पर्समध्येच होतं. निवृत्तीला सहा वर्षं उरली होती आणि मुलीचं कॉलेज चालू होतं. हात थांबला, खोटं कशाला सांगू? मग लिहिलं, खाली सही केली, हुद्दाही घातला.

सोमवारी उद्घाटन झालंच. बायका तो कागद हातात धरून मांडवाबाहेर उभ्या राहिल्या. पोलिसांनी त्यांना हटवलं, पण तोवर कागदाचे फोटो गावभर फिरले होते. संध्याकाळी टँकर आला आणि आठवड्याभरात पाइपलाइन उकरून बदलली.

मला नोटीस आली. दोन पानं भरून शासनाची प्रतिमा, शिस्त, वरिष्ठांचा अवमान असं सगळं होतं. 'पाणी' हा शब्द मी तीनदा शोधला. कुठंच नव्हता. सरकार कुणाला जपतं, हे मला तेव्हा कळलं. राग आला, पण भीती गेली.

उत्तरात मी दोन्ही अहवाल जोडले आणि लिहिलं, "नमुना दोनदा नापास झाला आहे. पुन्हा अशी वेळ आली तर मी पुन्हा गावाला कळवीन."

बदली मंगळवेढ्याला झाली. तिथं रुजू झाल्याच्या दिवशी मी सगळ्या गावांच्या आरोग्यसेविकांचे नंबर मागून घेतले. आता निकाल लागला की आधी त्यांना फोन करते आणि मग अहवाल वर पाठवते.