छगनआबा अडले तो श्रावण

सुरतेच्या बमरोलीत छगनआबांच्या ओट्यावर रविवारी सकाळी देवळासारखी रांग लागायची, फक्त लोकांच्या हातात फुलांऐवजी गंजलेलं लोखंड असायचं. छत्तीस वर्षं कापड विणणाऱ्या लूम्सची दुरुस्ती केलेला हा मिस्त्री घरी बसला, तरी त्याच्या बोटांना चैन कुठलं? माळ्यावरून निघालेली, भंगारातून आलेली कसलीही बिननावाची वस्तू आणा, आबा ती आधी हुंगायचे, मग नखानं खरवडायचे, मग कानाशी धरून टिचकी मारायचे.

"सायकलच्या जुन्या दिव्याची टाकी ही. वर पाणी, खाली कारबाइडचे खडे."

"अरे, ही सुरमादाणी. तोंडात काय घालतोस!"

भंगारवाला धर्मेंद्र तर आबांना दाखवल्याशिवाय पितळ फोडत नसे. "माहीत नाही" हे शब्द आबांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. देवानं दिलेला तोच त्यांचा दागिना.

पण दागिना मिरवायला गेलं की नजर लागते. श्रावणातली कानबाई देवी घरोघरी बसायला पंधरा दिवस होते, आणि आबा मांडीवर थाप मारून बोलून गेले, "ज्या दिवशी मी अडेन ना, त्या वर्षी कानबाईच्या मिरवणुकीत फुगडी घालेन. बायांसारखी, भर रस्त्यात!"

झालं! सगळी गल्ली पेटली. कुणी जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यातून दातेरी चाकं आणली, कुणी पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंगमधून वाफेचा कॉक. आबांनी सगळ्यांना वाटेला लावलं. धर्मेंद्रनं कहर केला, चिमट्याला घंटा जोडून आणली.

"हा तुझा गाढवपणा आहे," आबा म्हणाले. "तोही ताजा. वेल्डिंग अजून गरम लागतंय."

कानबाई बसायच्या दिवशी, सूनबाईची आई लीलाबाई पारोळ्याकडच्या खेड्यातून आल्या. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू खाली ठेवून त्यांनी पिशवीतून एक जड कडं काढलं. कड्याला साखळ्या, साखळ्यांना वाघनखांसारखे वाकडे आकडे. ओटा भरलेलाच होता.

"हाई काय शे, व्याहीबुवा?"

आबांनी हुंगलं. खरवडलं. टिचकी मारली. पुन्हा हुंगलं.

"नांगर. तापीतल्या होडीचा."

"आमच्या गावात म्हैस बसायला पाणी नाही, होडी कुठून आणू?"

"मग... खाटकाकडचं असेल. मांस टांगायचं."

"राम राम राम! माझे सासरे माळकरी होते!"

"पाळण्याचं कडं!"

"लेकरू काय आकड्यांवर निजवता?"

ओटा हसून हसून लोळायला लागला. आबांच्या कपाळावर घाम. त्यांनी आत पाहिलं. त्यांची बायको शोभाबाई रोटांची कणीक मळत होत्या, तोंडात पदर कोंबलेला, खांदे गदगदा हलत होते. त्यांनी वस्तू केव्हाच ओळखली होती.

"अवं, खुणेनं तरी सांग," आबा कुजबुजले.

"आज? कानबाईच्या दिवशी लबाडी करू? नको हो, पाप लागेल."

आबांनी कडं खाली ठेवलं. "माले ठाऊक नई," असं इतकं हळू म्हणाले, की लीलाबाईंनी ते दोनदा म्हणायला लावलं.

"अहो, गळ हा!" शोभाबाईंना राहवेना. "विहिरीत बादली पडली की दोराला बांधून सोडायचा, नि तळ ढवळायचा. कुठला तरी आकडा बरोबर कडीत अडकतो."

आबा दहाव्या वर्षी गाव सोडून सुरतेला आलेले. तोवर पाणी भरलं ते आईनं नि बहिणींनी. विहिरीत बादली पडते, हे त्या हुशार माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, देवीच्या विसर्जनाची मिरवणूक निघाली. आबा फेटा बांधून, पायजमा वर खोचून रिंगणात उभे राहिले खरे, पण त्यांचे हात धरणार कोण? बाया मागे सरल्या. लीलाबाई म्हणाल्या, "व्याह्याचे हात धरू? माहेरी तोंड दाखवू नको का?" आणि चारजणींनी मिळून शोभाबाईंनाच पुढे ढकललं.

आता हसू पळालं ते शोभाबाईंचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं चारचौघांत त्यांचा हात धरला नव्हता. आबांनी धरला. पायाला पाय लावला, नि फुगडी सुरू झाली.

दोन गिरक्यांत भागलं असतं. पाचव्या गिरकीला फेटा सुटला, सातव्याला शोभाबाईंचा अंबाडा. "अहो, पडेन मी!" त्या ओरडत होत्या, आणि पाय मात्र जोर देतच होते. वाजंत्रीवाले दमून थांबले, हे दोघं थांबेनात. शेवटी लीलाबाईच मध्ये घुसल्या.

"पुरे हो, व्याहीबुवा! देवी उन्हात ताटकळली!"