खालच्या ट्रेतला लांब कागद

दोन हजार अठरा साल. मी तेव्हा बासष्टचा. हे बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — तुम्हाला सांगतोय.

अंधेरीत एका वकिलाच्या ऑफिसात मी शिपाई होतो. शिक्षण चौथी, तेही गावच्या शाळेत. पण ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा माझा दरारा. सगळ्या कॉम्प्युटरची छपाई त्या एकाच मशीनवर. वरच्या ट्रेत साधा कागद, खालच्यात कोर्टाचा लांब कागद. ट्रे बंद केला की मशीनच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं. मला ते वाचता येत नव्हतं — कुणाला कळूही दिलं नाही. वरची पहिली ओळ दाबायची, झालं. चालत होतं. मग विचारायचं कशाला?

एक दिवस लांब कागद संपला, म्हणून खाली साधाच भरला. दुपारी लांब आला, तो परत घातला. दोन्ही वेळा दाबली पहिलीच ओळ.

तिथून वाट लागली. लांब कागदावर प्रत्येक पानाचा खालचा मजकूर कापला जाऊ लागला. वरच्या ट्रेतले साधे कागद मात्र नीट. मग दोष कुणाचा? लांब कागदाचं काम करायची मनीषा — नवी टायपिस्ट, वाकोल्याची, घरात कमावणारी ती एकटी. तिने समास बदलून पाहिले. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून छापून पाहिलं. तेच. मग म्हणाली, काका, ट्रेचं सेटिंग बघू या का?

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आधी टायपिंग शिकून ये गं. मशीन मला नको शिकवूस."

लोक हसले. मी असं का बोललो — माहीत होतं मला. तिने पडदा वाचला असता आणि विचारलं असतं, तुम्ही काय दाबलंत? काय सांगणार होतो मी?

घाईत तेच कागद दिंडोशीच्या कोर्टात गेले. सहीची जागाच कापलेली. परत आले. साहेबांनी मला बोलावून विचारलं, मशीनमध्ये काही गडबड? तेव्हा तरी सांगायचं — पण तोंडातून निघालं, मशीन चोख आहे साहेब.

संध्याकाळी त्यांनी मनीषाला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

डबा पिशवीत टाकून ती प्रिंटरपाशी आली. पडद्यावर बोट फिरवून काहीतरी उघडलं, वाचलं. आवाज चढवला नाही.

"काका, मशीनला वाटतंय आत छोटा कागद आहे. छोटा ते आपोआप ओळखतं, लांब सांगावा लागतो; पहिली ओळ म्हणजे ‘आहे तेच माप ठेव’. ही तिसरी ओळ दाबा, नीट येईल." मग पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "माझं साहेब आता ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. सांगाल ना? मी फोनची वाट बघते."

मी मान हलवली. हो म्हणून — खरंच हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. तिने दाखवलेली तिसरी ओळ दाबली. साहेब आले, तेच कागद पुन्हा काढायला लावले. पान अख्खं आलं, सहीच्या जागेसकट.

साहेब हसले. "बघा काका, पोरगी गेली आणि पान सरळ आलं."

मी म्हणालो, "मी म्हटलंच होतं, साहेब."